पिवळा पडलेला पडदा आणि अर्धा उजेड

जत्रेच्या आदल्या रात्री देवळासमोरच्या मैदानात आम्ही दरवर्षी पडदा लावतो, गेल्या वर्षीच्या दशावताराचं रेकॉर्डिंग दाखवतो, आणि मुंबईवरून आलेले चाकरमानी, बायका, पोरं, म्हातारी माणसं सगळी गोधड्या घेऊन येऊन बसतात. प्रोजेक्टर माझा. देवगडपासून दहाएक किलोमीटरवर आमचं गाव, इथे साऊंड आणि प्रोजेक्टर भाड्याने द्यायचं काम मी गेली काही वर्षं करतोय. तर यंदा पडदा लावला, लाइट बंद केले, आणि राजाचं पात्र मंचावर आलं तेव्हा त्याचं पांढरं धोतर हळदीत बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. नुसतं पिवळं नाही, मंद पण. कोणी तक्रार केली नाही, पण मागच्या रांगेतली माणसं हळूहळू पुढे सरकायला लागली, आणि ते बघून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कोणी तोंडावर बोलला असता तरी वाटलं नसतं.

ही पोस्ट त्या पिवळेपणाची आहे. त्याच्या मागे लागून लागून मी प्रोजेक्टरमधल्या एका काचेच्या पट्टीपर्यंत पोचलो, आणि ती पट्टी काय करते हे कळल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही, एवढी ती गोष्ट सुंदर आहे. मराठीत यावर कुठे सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात. प्रोजेक्टर थ्री-एलसीडी जातीचा, म्हणजे आत लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांसाठी तीन छोटी एलसीडी पॅनेल आणि शेवटी एका चौकोनी प्रिझममध्ये तिन्ही रंग एकत्र. लॅम्पचे तास संपत आले होते म्हणून सहा महिन्यांपूर्वी स्वस्तातला कंपॅटिबल लॅम्प टाकला होता. शहरात एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने पाच मिनिटं चालू करून बघितला आणि म्हणाला, निळं पॅनेल गेलं, खर्च परवडणार नाही, नवीन घ्या. मी परत घेऊन आलो. मनात एकच गोष्ट टोचत होती. पॅनेल किंवा त्याच्या पुढचा-मागचा पोलरायझर (उजेड गाळणारी पातळ फिल्म, पुढे सांगतो) जळला तर पडद्यावर डाग दिसतो, एका कोपऱ्यात, मध्यभागी, कुठेतरी. नकाशासारखा. माझ्या पडद्यावर डाग कुठेच नव्हता, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा पिवळा. मग जळलेली वस्तू पॅनेलजवळ असेलच कशी?

उघडला. (कोणी उघडणार असाल तर वायर काढून, पूर्ण थंड होऊ देऊन उघडा. लॅम्प पेटवताना काही हजार व्होल्टचा झटका लागतो आणि लॅम्पच्या आत पारा असतो, त्यामुळे गंमत म्हणून हात घालायची ही जागा नाही.) लॅम्पच्या पुढे एक काच, तिच्यावर छोट्या छोट्या चौकोनी भिंगांची जाळी, थेट आमच्या जुन्या घराच्या खिडकीच्या जाळीसारखी. थोड्या अंतरावर तशीच दुसरी काच. आणि तिला चिकटून पत्त्यांच्या पानापेक्षाही लहान एक जाडसर काचेची पट्टी, उभ्या रेघा रेघांची, एकाआड एक रेघेवर अॅल्युमिनियमची पातळ झडप. ती पट्टी मी खिडकीत उजेडासमोर धरली आणि कळलं. रेघांवर जी पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते ती करपलेली, चहा सांडून वाळल्यावर कागद जसा होतो तसा रंग. आणि गंमत म्हणजे प्रत्येक रेघेत करपलेला भाग एकाच बाजूच्या कडेला जास्त. उजव्या कडेला गडद, डावीकडे फिकट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पट्टीला पोलरायझेशन कन्व्हर्टर म्हणतात. काही जण पीबीएस प्लेट म्हणतात, सुट्या पार्टवाले नुसतं प्रिझम म्हणतात. तिचं काम समजायला आधी हे समजायला पाहिजे की एलसीडी प्रोजेक्टर जन्मतःच अर्धा उजेड फेकून देणारं यंत्र आहे.

शाळेत आपल्याला शिकवलं की प्रकाश ही लाट आहे, पण लाट कुठल्या दिशेने थरथरते हे फारसं कोणी सांगत नाही. दोरी भिंतीला बांधून हलवली तर ती वरखाली पण हलवता येते आणि आडवी पण. प्रकाशाचं तसंच. लॅम्पमधून, सूर्यातून, चुलीतून जो उजेड निघतो त्यात सगळ्या दिशांची थरथर मिसळलेली असते, आणि हिशोबाला सोपं म्हणून तिचे दोन वाटे करायचे, अर्धा उभा, अर्धा आडवा. एलसीडीला मात्र यातला एकच चालतो. कारण एलसीडी काय करतं, तर आलेल्या उजेडाची थरथर फिरवतं किंवा फिरवत नाही, आणि पुढे बसलेला पोलरायझर त्याप्रमाणे त्याला सोडतो किंवा अडवतो. त्यातूनच काळं-पांढरं होतं. आत जाणारा उजेड आधीच सरमिसळ असेल तर काळं कधी काळं होणारच नाही. म्हणून पॅनेलच्या अलीकडे पण एक पोलरायझर बसवतात, तो उभ्याला जाऊ देतो आणि आडव्याला गिळतो. गिळतो म्हणजे खरंच गिळतो, त्याची उष्णता होते. शंभर रुपयांचा उजेड केला, पन्नास गेले तापण्यात, आणि प्रत्यक्षात फिल्म थोडं आणखी खाते म्हणून हातात पंचेचाळीसच्या आत-बाहेर. ते पण पहिल्याच दारात, अजून रंग वेगळे व्हायचेत, पॅनेल यायचंय, लेन्स यायचीय.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर खाडीवर या. माझे धाकटे काका पागाने मासे मारतात, आयुष्य गेलं त्यात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने त्यांना पोलराइज्ड गॉगल आणून दिला, तेव्हापासून तो नाकावरून उतरत नाही. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात खाडीचं पाणी नुसतं पत्र्यासारखं चकाकत असतं, साध्या डोळ्याला काही दिसत नाही, आणि काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सांगतात, "गॉगल घातलो काय पाण्याचो तळ दिसता." मी घालून बघितला. खरंच, चकाकी पुसल्यासारखी गेली, खाली वाळू, शिंपले, आणि बोयींचा एक थवा सरकन गेला. मग काका म्हणाले, "आता मान वाकडी करून बघ." मान खांद्याकडे झुकवली आणि चकाकी परत आली, मान सरळ, परत गेली. काकांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं.

पाण्यावरून परतणारं ऊन बहुतांशी आडवं थरथरणारं असतं, आणि गॉगल फक्त उभ्याला सोडतो. एका ठराविक कोनात तर जवळजवळ पूर्णच आडवं, पाण्यासाठी तो कोन सरळ उभ्या रेषेपासून ५३ अंशाच्या जवळपास, काचेसाठी ५६. त्याला ब्रूस्टरचा कोन म्हणतात, ब्रूस्टर नावाच्या शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये त्याचा नियम मांडला. त्याच्याही आधी, १८०८ मध्ये, पॅरिसमध्ये मालूस नावाचा इंजिनिअर कॅल्साइटचा स्फटिक डोळ्याला लावून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन बघत होता. कॅल्साइटमधून एकाच्या दोन प्रतिमा दिसतात, आणि स्फटिक फिरवला की त्यातली एक मंदावते नि दुसरी उजळते. म्हणजे काकांची वाकडी मानच ती. फक्त पॅरिसला.

आणि आपल्या जवळची गोष्ट तर याहून भारी आहे. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन युरोपातून 'नारकुंडा' बोटीने मुंबईला येत होते. समुद्र निळा का, तर आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं तेव्हा मोठे मोठे लोक म्हणायचे. रामननी खिशातला निकोल प्रिझम काढला, म्हणजे त्या काळचा पोलरायझर, आणि त्याच कोनातून पाणी बघत वरची चकाकी मारून टाकली. प्रतिबिंब गेलं तरी निळाई गेली नाही, उलट खुलली. म्हणजे निळा रंग पाण्याच्या स्वतःच्या आतून येतो. तिथून पुढे प्रकाशाच्या विखुरण्याचं जे काम सुरू झालं ते १९३० च्या नोबेलपर्यंत गेलं. आमच्या कट्ट्यावर बसून क्षितिजाकडे बघताना मला नेहमी वाटतं की ती बोट याच अरबी समुद्रातून मुंबईला आली, आणि त्याआधी भूमध्य आणि तांबड्या समुद्रात एक माणूस तिच्यावरून हातातला स्फटिक फिरवत पाणी बघत होता.

(अजून एक, माकूल, म्हणजे स्क्विड, आपण कालवणात घालून खातो ना, तिला पोलरायझेशन डोळ्यांनी थेट दिसतं. आपल्याला गॉगल लागतो, तिला लागत नाही.)

असो, प्रोजेक्टरकडे.

काकांना मी तो उघडलेला डबा दाखवला आणि सांगितलं की यात अर्धा उजेड असा फुकट जातो. काकांनी विचारलं, "नको म्हणान टाकून देतत? तेका फिरवून घेऊक येणा नाय काय?" मी नुसता बघत राहिलो. कारण त्या पट्टीच्या मागची पूर्ण कल्पना त्या एका वाक्यात आहे. आडवा आहे म्हणून टाकता कशाला, उभा करून घ्या!

कसं करतात ते सांगतो, सावकाश वाचा. पट्टीच्या आत काचेचे छोटे छोटे तिरपे तुकडे एकमेकांना चिकटवलेले असतात, प्रत्येक सांध्यावर ४५ अंशात एक अतिशय पातळ थरांचा लेप. हा लेप मॅकनील नावाच्या संशोधकाने शोधला, त्याचं पेटंट १९४६ चं. एकावर एक दोन प्रकारच्या पदार्थांचे थर असे रचायचे की प्रत्येक सांध्यावर प्रकाश ब्रूस्टरच्याच कोनात पडावा. मग एका दिशेची थरथर सगळ्या थरांतून आरपार जाते आणि दुसऱ्या दिशेची प्रत्येक थरावर थोडी थोडी परतत शेवटी पूर्ण वळते. खाडीच्या पाण्यावर जे होतं तेच, पण एका पृष्ठभागाऐवजी अनेक, म्हणून गळती नाही. इथे काही गिळलं जात नाही, नुसती वाटणी होते. एक वाटा सरळ गेला, दुसरा काटकोनात शेजारच्या तुकड्यात गेला, तिथे त्याला तसाच दुसरा तिरपा लेप भेटला, त्याने त्याला परत काटकोनात वळवलं, आणि तो पहिल्याच्या शेजारून त्याच दिशेने बाहेर पडला. आता शेजारी शेजारी दोन झोत, एक उभा, एक आडवा. यातल्या एकाच्या वाटेवर हाफ-वेव्ह प्लेटची फिल्म. ती त्याची थरथर बरोबर ९० अंश फिरवते. दोन्ही एक झाले. पॅनेलला पाहिजे तसे.

हाफ-वेव्ह प्लेट म्हणजे काय? असा पदार्थ की ज्यातून एका दिशेची थरथर जरा लवकर पुढे जाते आणि दुसरी जरा उशिरा. बाहेर पडेपर्यंत एक दुसऱ्यापेक्षा बरोबर अर्ध्या लाटेने मागे राहील एवढी जाडी ठेवायची. हिरव्या उजेडाची लाट साधारण ५५० नॅनोमीटर, तर मागे राहणं २७५ नॅनोमीटरचं. मग त्या फिल्मचा अक्ष ४५ अंशात ठेवला की थरथर त्याच्या दुप्पट फिरते, ९०. अडचण एवढीच की हिरव्यासाठी बेतलेली फिल्म निळ्याला आणि लालला तंतोतंत बसत नाही, थोडा उजेड अर्धवट फिरतो आणि पुढच्या पोलरायझरला खाऊ होतो. यावर उपाय १९५५ मध्ये आपल्याच माणसाने दाखवला, पंचरत्नम, रामनचे भाचे, बंगळूरला होते. दोन-तीन प्लेट वेगवेगळ्या कोनात एकावर एक ठेवल्या की एकीची चूक दुसरी भरून काढते आणि बऱ्याच रंगांना एकच माप चालतं. तेव्हा ते विशीच्या सुरुवातीला होते. मला हे नाव कॉलेजात कोणी सांगितलं नाही याची खंत आहे.

याचा घरगुती प्रयोग करून बघा. मी पडवीत बसून केला. काकांचा गॉगल, लॅपटॉपची स्क्रीन, आणि साधी पारदर्शक सेलोटेप. लॅपटॉपवर पांढरं पान उघडा, गॉगल समोर धरून फिरवत न्या, एका जागी पान काळंकुट्ट होईल. आता स्क्रीन आणि गॉगलच्या मधे काचेचा तुकडा धरा ज्यावर टेप चिकटवलीय, तिरपी. काळ्या पानावर टेपची पट्टी उजळलेली दिसते! टेपने उजेडाची थरथर फिरवली म्हणून तो गॉगलमधून सुटला. टेपवर टेप चढवत गेलात तर रंग दिसायला लागतात, जांभळा, हिरवा, पिवळसर, कारण प्रत्येक रंग वेगवेगळा फिरतो. काकांनी ते हातात घेऊन पंधरा मिनिटं फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे ही पट्टी फिरवता." मी म्हटलं, "होय, ह्या फिल्मीचा काम ताच आसा."

एक उपमा मात्र जपून वापरायची. पुस्तकांत पोलरायझर समजावताना खिडकीचे गज देतात, उभी काठी गजांतून जाते, आडवी अडते. मोठ्या प्रोजेक्टरांत हल्ली खरोखरच गजांचा पोलरायझर येतो, काचेवर अॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म तारांची जाळी, कल्पना हर्ट्झ या शास्त्रज्ञाची, त्याने १८८८ मध्ये रेडिओ लाटांवर ती करून दाखवली होती. पण तिथे उलटं होतं. तारांना समांतर थरथर अडते आणि परत फिरते, काटकोनातली जाते. कारण तारेच्या लांबीवर इलेक्ट्रॉन मोकळे धावू शकतात. मी स्वतः यात आठवडाभर अडकलो होतो, म्हणून सांगितलं.

आता खरी चलाखी. वर मी म्हटलं की दुसरा झोत पहिल्याच्या शेजारून बाहेर पडतो. म्हणजे शेजारी जागा रिकामी पाहिजे. ती कुठून आली? ती त्या भिंगांच्या जाळीने करून दिली. पहिल्या काचेवरचं प्रत्येक भिंग लॅम्पच्या ठिणगीची एक छोटी प्रतिमा दुसऱ्या काचेजवळ पाडतं. पूर्ण झोत सलग न येता छोट्या छोट्या ठिपक्यांत येतो आणि ठिपक्यांच्या मधे अंधार असतो. त्या अंधाराच्या जागेत वळवलेला वाटा बसवायचा. अॅल्युमिनियमच्या झडपा त्या रिकाम्या जागांवर असतात, चुकून थेट तिथे पडणारा उजेड अडवायला. आणि दुसऱ्या काचेवरचं प्रत्येक भिंग पहिल्या काचेच्या आपल्या जोडीदाराची चौकोनी प्रतिमा पूर्ण पॅनेलभर पसरवतं, सगळी एकमेकांवर. म्हणजे पॅनेलच्या प्रत्येक ठिपक्यावर प्रत्येक भिंगाचा थोडा थोडा उजेड येतो.

इथे माझं कोडं सुटलं. पट्टीची एखादी रेघ करपली तर तिचा पिवळेपणा पूर्ण पडद्यावर सारखा वाटला जातो, डाग पडत नाही. डाग असेल तर दोष पॅनेलपाशी, एकसारखा रंग असेल तर दोष भिंगांच्या जाळीपाशी किंवा लॅम्पमध्ये. लॅम्प नवा होता. करपलेली फिल्म निळा जास्त खाते, उरतो पिवळा. दुरुस्तीवाल्याने पडद्याकडे नीट बघितलं असतं तर पॅनेलचं नाव घेतलंच नसतं. मी हे रागाने लिहीत नाही, पण एखाद्या शाळेने त्याच्या शब्दावर चांगलं पॅनेल भंगारात घातलं असेल तर, हा विचार मला सोडत नाही.

मग उजव्या कडेलाच जास्त का करपलं? लॅम्प. या लॅम्पांना यूएचपी म्हणतात, फिलिप्सने १९९५ मध्ये आणले, आत पाऱ्याची वाफ २०० वातावरणांपेक्षा जास्त दाबाने कोंडलेली आणि ठिणगी जेमतेम मिलिमीटरभराची. एवढी लहान मुद्दाम. ठिणगी लहान असेल तरच तिच्या प्रतिमा लहान पडतात आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. माझ्या स्वस्त लॅम्पमध्ये नळी आरशाच्या अगदी मध्यावर बसवलेली नव्हती, जुना आणि नवा शेजारी ठेवल्यावर डोळ्याला कळत होतं. ठिपके सरकले, एका कडेला गोळा झाले, काही झडपांवर सांडले, तिथे उष्णता साठली. आणि चुकीच्या रेघेत शिरलेल्या उजेडाचं तर पूर्ण उलटं होतं, सरळ जाणारा न फिरता बाहेर पडतो, वळणारा फिरून बाहेर पडतो, दोघेही आडवे, दोघांनाही पुढचा पोलरायझर गिळणार. म्हणजे एका वाकड्या बसवलेल्या नळीमुळे उजेड पण जातो आणि पुढची वस्तू पण तापते. त्यात आमची हवा. खारं वारं, पावसाळ्यात चार महिने दमट, धूळ फिल्टरवर चिखलासारखी बसते, पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. फिल्टर मी वेळेवर साफ केला नव्हता, ती चूक माझी.

आता एक गोष्ट, जी जाहिरातवाले सांगत नाहीत. अर्धा वाचवला म्हणजे उजेड दुप्पट झाला पाहिजे ना? होत नाही. व्यवहारात दीडपटीच्या आसपास मिळतो. का, तर एकाच्या जागी दोन झोत शेजारी शेजारी आले, म्हणजे उजेडाने जागा दुप्पट घेतली. पावसात घराच्या दोन पन्हळी शेजारी शेजारी आणून मोठ्या हंड्यात सोडल्या तर दोन्हीचं पाणी आत, पण खाली चिंचोळ्या तोंडाची कळशी ठेवली तर बरंच बाहेर सांडतं. कळशीचं तोंड म्हणजे पॅनेलचा आकार आणि लेन्स जेवढ्या कोनातला उजेड घेऊ शकते तो कोन, दोन्हींचा गुणाकार. त्याला एटेन्ड्यू म्हणतात, आणि कितीही भिंगं लावा, झोताचा हा हिशोब वाढवता येतो, कमी करता येत नाही, करायचा तर उजेड टाकून द्यावा लागतो. म्हणून पॅनेल जसजशी लहान झाली तसतशी ठिणगी पण लहान करावी लागली. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, एकाने ओढलं की दुसरं ताणलं जातं, आणि त्यातून त्या लोकांनी दीडपट काढली, ही मला दुप्पट काढण्याइतकीच मोठी गोष्ट वाटते.

बाजारात हल्ली जे छोटे स्वस्त एलईडी प्रोजेक्टर मिळतात त्यांच्यात ही पट्टी नसते. गावात चार घरी आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. त्यांचा एलईडी मोठा, ठिणगीसारखा नाही, त्यामुळे पट्टी बसवून पण फायदा झाला नसता, कळशी आधीच भरलेली. त्यात एकच मोठं एलसीडी आणि अलीकडे एक पोलरायझर, जो अर्धा उजेड गिळत बसतो. वर्षभरात मध्यभागी तपकिरी डाग पडला तर तो हाच. दुकानदार म्हणेल एलसीडी गेली, तर आधी ती फिल्म बघा, बऱ्याचदा तेवढीच बदलून भागतं. काहींमध्ये आता परतवणारी फिल्म येते, नको असलेला उजेड ती मागे पाठवते, मागून तो आपटून थोडा सरमिसळ होऊन परत येतो आणि दुसऱ्या खेपेला थोडा निसटतो. टीव्हीत आणि लॅपटॉपमध्ये पण हाच प्रकार असतो. लॅम्पऐवजी लेझरवाले घेत असाल तर, लेझर मुळात एकाच दिशेने थरथरतो खरा, पण बहुतेकांत निळा लेझर पिवळ्या फॉस्फरवर (उजेड पडला की स्वतः दुसऱ्या रंगात चमकणारा पदार्थ) मारून बाकीचे रंग काढतात आणि फॉस्फरचा उजेड परत सरमिसळ, म्हणून पट्टी तिथेही लागते. डीएलपी नावाच्या दुसऱ्या जातीच्या प्रोजेक्टरांना या कशाचीच गरज नाही, त्यांचं काम आरशांवर चालतं.

माझी पट्टी नवी मिळाली नाही. त्याच मॉडेलचा एक मेलेला प्रोजेक्टर ओळखीच्या एका शाळेत धूळ खात पडला होता, मुख्याध्यापकांनी खुशीने दिला, त्याची पट्टी स्वच्छ निघाली. बदलायच्या आधी एक प्रयोग करायचा मोह झाला, पट्टी अजिबात न लावता दहा सेकंद चालवून बघितला. पडदा मंद, पण पांढरा. लगेच बंद केला, कारण मग सगळा नको असलेला उजेड एकट्या पोलरायझरवर येतो आणि तो जळायला वेळ लागत नाही. तुम्ही करू नका. मग ती स्वच्छ पट्टी बसवली, बाजू उलटी तर होत नाही ना ते दहादा बघितलं, झडपा लॅम्पकडे, फिल्म पॅनेलकडे, चांगला लॅम्प टाकला, फिल्टर धुऊन वाळवून लावला.

पहिल्यांदा चालू केला तो पडवीतच, चुन्याच्या भिंतीवर. काका येऊन बसले, गॉगल डोळ्यावर तसाच. भिंतीवर पांढरा चौकोन पडला, पांढरा म्हणजे ताज्या नारळाच्या खोबऱ्यासारखा. काकांनी मान वाकडी केली, सरळ केली, परत वाकडी केली.

"हंय काय बदलणा नाय," ते म्हणाले.

मी सांगितलं की खडबडीत भिंतीवर आपटून उजेड परत सरमिसळ होतो. थेट लेन्समध्ये मात्र बघायचं नाही, डोळे जातील. मग एक साधी काच प्रोजेक्टरच्या समोर तिरपी धरली, झोताचा थोडा भाग तिच्यावरून बाजूच्या भिंतीवर वळला, आणि त्या झोताच्या वाटेत गॉगलची काच फिरवत नेली. बाजूच्या भिंतीवर गॉगलच्या काचेएवढा तुकडा उजळला, मंदावला, परत उजळला. काकांनी माझ्या हातातून गॉगल काढून घेतला आणि स्वतः फिरवायला लागले, जेवायला हाक येईपर्यंत.